पांढरीच्या दुधावरची खोकडं

गावाहून,
१७ मार्च २०२५

चि. संघप्रियास,
बाबाचा जयभीम.

माझा फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पोचतो, पण उघडत नाहीस. शेवटी पोस्टात जाऊन पाकीट आणलं. पोस्टातला माणूस विचारायला लागला की आता पत्र कोण लिहितं. मी म्हटलं, ज्याचं घरात कुणी ऐकत नाही तो लिहितो. तुला फाडून टाकायचं असेल तर खुशाल टाक, पण आधी वाच. काम माझं नाही, दोन मुक्या जिवांचं आहे.

माळाच्या नाल्याकडेला खोकडाचं बीळ आहे, तुला ठाऊक आहे. लहानपणी तूच मला ओढत न्यायचीस, शेपटीचं काळं टोक बघायला. लोक त्याला कोल्हंच म्हणायचे आणि तू त्यांच्याशी भांडायचीस, की कोल्हा मोठा असतो, हे खोकड आहे. परवा सकाळी तिथून जाताना बिळातून कुईकुई ऐकू आली. आत हात घातला तर दोन पिल्लं निघाली, एक नर, एक मादी. डोळे नुकतेच उघडलेत. अंग गार पडत चाललं होतं. टॉवेलात गुंडाळून घरी आणली.

त्यांची आई कुठं आहे, असं तू पहिल्यांदा विचारशील. ती ट्रॅक्टरखाली आली. बांधाच्या कडेला पडलेली मी पाहिली.

जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून माझी तीस वर्षं गेली. वासरं, करडं, कोकरं किती जगवली त्याची मोजदाद नाही. पण खोकडाचं पिल्लू कधी हातात आलं नव्हतं. तू तर त्याच विद्येची डॉक्टर, पुण्याच्या वन्यप्राणी केंद्रात. शेळीचं दूध चालतं का, किती वेळानं द्यायचं, पोट फुगलं तर काय करायचं, एवढं कळव. मला नको, आईच्या फोनवर सांगितलंस तरी चालेल. दर रविवारी तुम्ही दोघी बोलता तेव्हा मी ओसरीवर बसलेलो असतो.

दोन वर्षांपूर्वी माळावर पाच खोकडं मेली तेव्हा तू सुट्टीवर आली होतीस. "बाबा, हे तुमी केलं का?" असं तू विचारलंस आणि मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरून गेलीस. त्यावर या पत्रात काही लिहीत नाही. पिल्लांना दर तीन तासांनी भूक लागते, हे महत्त्वाचं.

तुझा,
बाबा


गावाहून,
३० मार्च २०२५

चि. प्रियास जयभीम.

तुझा निरोप मिळाला. आईनं तुझ्यासारखाच आवाज काढून, बोट नाचवत सांगितला. पिल्लांना उगाच हाताळायचं नाही. नाव ठेवायचं नाही. लाडानं बोलायचं नाही. कुत्र्याजवळ तर नेऊच नका. आणि उद्याच वनखात्याला फोन करून त्यांच्या ताब्यात द्या. पाचही गोष्टी कुसुमनं तोंडपाठ म्हटल्या. शाळेत असती तर पहिली आली असती.

आता माझं ऐक, रागावू नको. तुझा निरोप यायच्या आधीच मी एक काम करून बसलो होतो. आपली कुत्री पांढरी, तिची पिल्लं त्याच आठवड्यात मेली. तिची आचळं तट्ट भरलेली, दारात रडत बसायची. इकडे ही दोन शेळीचं दूध ओकत होती. मेंढी मेली की तिचं कोकरू दुसऱ्या मेंढीला कसं लावतात, तुला दाखवलं होतं. जिचं कोकरू मेलंय तिचं दूध याच्या अंगाला चोळायचं, तिच्या मेलेल्या कोकराला पुसलेलं फडकं याच्या पाठीवर टाकायचं. मी तेच केलं. पांढरीनं पहिल्यांदा गुरकावलं, मग हुंगलं, मग चाटायला लागली. पाच मिनिटांत दोघं तिच्या पोटाला चिकटली. प्रिया, मला रडू आलं. खोटं कशाला सांगू.

आता त्यांचं अंग भरलंय. रात्री पांढरीच्या पोटात डोकं खुपसून झोपतात. कुत्र्याजवळ नेऊ नका असं तू म्हणालीस, ते रोगराईमुळं असणार. पांढरीला सगळ्या लसा मीच टोचल्यात, ती काळजी करू नको.

वनखात्याला फोन करणार आहे. आज पाडवा आहे, ऑफिस बंद असेल. उद्या ईद आहे. दोन-चार दिवसांत करतो.

तुझा,
बाबा


गावाहून,
२० एप्रिल २०२५

चि. प्रिया,

फोन केलेला नाही. आईनं तुला सांगितलंच असेल, तिच्या पोटात काही राहत नाही. मी का केला नाही, ते आज लिहितो. दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठलो.

पिल्लांची आई ट्रॅक्टरखाली आलेली नव्हती. तिच्या तोंडाला फेस होता आणि पाय ताठलेले होते. जवळच विषाच्या मटणाचं चिंधीत बांधलेलं गाठोडं पडलं होतं, ते कसं बांधलंय ते बघूनच मी ओळखलं. ती गाठ माझी आहे. दोन वर्षांपूर्वी शेळ्यावाल्या आश्रुबाला मीच शिकवली होती. तेव्हाचं उरलेलं औषध त्यानं जपून ठेवलं. औंदा त्याची दोन करडं गेली, तर मला न विचारताच त्यानं ते काढलं. आश्रुबाला मी बोललो नाही. कोणत्या तोंडानं बोलणार?

म्हणजे ती पाच खोकडं मीच मारली. तुला हे कळलेलं आहे. तू जाताना एका मेलेल्याच्या पोटातलं तपासायला घेऊन गेलीस, आणि त्यात जे निघालं असणार ते माझ्याच कपाटातलं होतं. तू ते कुणाला बोलली नाहीस, मलाही नाही. तू फक्त बोलणं बंद केलंस. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

तुझा राग मारल्याचा आहे की खोटं बोलल्याचा, याचा मी पुष्कळ विचार केला. परवा जयंतीला विहारात सगळ्यांबरोबर पंचशील घ्यायला उभा राहिलो. पहिलं शील हिंसेचं, चौथं खोटं बोलण्याचं. दोन्ही वेळा माझं तोंड नुसतं हललं, आवाज निघाला नाही. शेजारी कुसुम होती. तिला ऐकू आलं नाही ते कळलं असावं. घरी आल्यावर म्हणाली, "एक खोटं झाकायला दुसरं घेतलाव. आता ही लेकरं तिसरी हायत."

वनखात्याला बोलावलं तर पहिला प्रश्न येणार, आई कशानं मेली? मग आश्रुबाचं नाव निघेल, आणि त्याच्या मागोमाग माझं. म्हणून मी आज-उद्या करत राहिलो.

पिल्लांचं सांगतो. नर धीट आहे, अंगणभर पांढरीच्या मागं फिरतो. मादी माझी आहे. "ये माय, ये" म्हटलं की कुठंही असली तरी येते, पायावर आडवी होते, पोट दाखवते. कोंबड्यांकडं बघत नाही. शेजारची पोरं उचलून घेतात तरी चावत नाही. लोक लांबून बघायला येतात. पालमहून एक मास्तर येऊन फोटो काढून गेले आणि म्हणाले, पंडितराव, खोकड माणसाळवलं तुम्ही. मला बरं वाटलं. तुझ्या निरोपातलं एकही कलम मी पाळलं नाही, हे त्या वेळी आठवलं नाही.

बाबा


गावाहून,
९ जून २०२५

प्रिया,

नर गेला.

शनिवारी सकाळी मी शेळ्यांचा चारा टाकत होतो. माणिकरावांच्या शेतातल्या आखाड्यावरची तीन कुत्री नाल्यानं खाली येत होती. तू ती बघितलेली नाहीत, वासराएवढी आहेत. खोकड त्यांच्या वासानंच अर्धा कोस पळतं. हा अंगणाच्या टोकाला उभा होता. त्यानं त्यांना पाहिलं, कान मागं पाडले, अंग वाकडं केलं, शेपटी हलवली आणि खाली वाकून त्यांच्याकडं चालत गेला. पांढरीकडं दूध मागायला जायचा, अगदी तसा. पुढच्या कुत्र्याचं तोंड चाटायला त्यानं मान वर केली. मी काठी घेऊन पळेपर्यंत संपलं होतं. पांढरी खुंट्याला बांधलेली होती, ती दोर तोडायला बघत होती.

तू कुत्र्याजवळ नेऊ नका म्हणालीस ते रोगासाठी नव्हतं. आता कळलं. मी त्याला जगवलं आणि त्याला जगायला जे लागतं तेवढंच काढून घेतलं. पळून जाणं हीच त्याची विद्या. मी ती दुधाबरोबर धुऊन टाकली. चांगलं करायला गेलो, असंही मला म्हणता येत नाही, कारण मार्चमध्येच फोन केला असता तर तो आज तुमच्याकडं असता. मी माझं नाव वाचवत होतो.

आता यापुढचं तुलाही माहीत नाही. ते लिहिल्याशिवाय पाकीट चिकटवणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आश्रुबाची चार करडं मेली. तो ती पोत्यात घालून पारावर घेऊन आला. गाव जमलं. मला बोलावणं आलं. जनावर कशानं मेलं हे गावात पंडितशिवाय कोण सांगणार? ज्यांच्या शब्दावर गाव चालतं त्या माणिकरावांनी मला शेजारी खुर्ची दिली. प्रिया, त्याच पारापुढं तुझा आजोबा चपला हातात घेऊन उभा राहायचा. मी नोकरीला लागलो तरी मला तिथं बस म्हणायला यांना पंचवीस वर्षं लागली. लोक तेव्हा कुठं मला डॉक्टर म्हणायला लागले होते.

मी पोतं उघडलं. करडांचे मागचे फरे फाडलेले होते, पोटं चिरलेली होती आणि खाल्लेलं काहीच नव्हतं. खोकड असं करत नाही. अडीच-तीन किलोचं जनावर, ते उंदीर, खेकडं, बोरं खातं. वाढलेलं करडू त्याला ओढवत सुद्धा नाही. मागून धरून, फाडून, खेळून टाकून देणारं जनावर एकच, मोकाट सोडलेलं कुत्रं. दातांमधलं अंतर बोटानं मोजून मी खात्री करून घेतली. गावात एवढ्या मोठ्या दातांची कुत्री एकाच आखाड्यावर आहेत.

माणिकराव माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "खोकडाचं काम हाय." आणि ते मारायचं औषधही मीच दिलं.

कुत्र्यांना मालक होता. खोकडाला नव्हता. एवढाच हिशेब मी केला. बंदोबस्त करावा की करू नये, यावर माणसं वाद घालू शकतात. एखादं पिसाळलेलं जनावर गावात शिरलं तर मी आजही त्याला मारायला सांगेन. पण ज्याची चूक नाही हे मला माहीत होतं, त्याच्याविरुद्ध मी साक्ष दिली. ती खुर्ची सोडायला मला जड गेलं. पाच खोकडं त्या खुर्चीपायी मेली, सहावी यंदा, आणि सातवा परवा.

नराला पुरून आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षक गोपाळ यांना फोन केला. ते तासाभरात आले. आई कशानं मेली, असं त्यांनी अपेक्षेप्रमाणं पहिल्यांदाच विचारलं. मी सगळं सांगितलं, दोन वर्षांपूर्वीचंही. त्यांनी लिहायचं थांबून विचारलं, "काका, हे सगळं लिहू का? गुन्हा होतोय." लिहा म्हटलं. आश्रुबाचं नाव मी घेणारच होतो, पण तो स्वतःच येऊन बसला. त्याला मी आदल्या संध्याकाळी पारावर सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की करडं खोकडानं नाही, आखाड्यावरच्या कुत्र्यांनी मारली. उभं राहूनच सांगितलं. आश्रुबा ऐकत राहिला आणि म्हणाला, "मंग मी मारलेलं खोकड कशापायी मेलं, दादा?"

माणिकराव म्हणाले, "पंडित, कुत्रे आपल्या गावचे हायत. ते खोकड कुणाचं हाय?" कुणाचंच नाही, असं मी म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून आपल्या अंगणात लोक येत नाहीत. तुझ्या आईला त्याचं काही वाटत नाही, असं ती म्हणते.

गोपाळ मादीला पेटीत घालून घेऊन गेले. ती पेटीत आपणहून शिरली, कारण मी हाक मारली होती. अशी पिल्लं पुण्याला तुमच्याच केंद्रात पाठवतात, असं ते म्हणाले. म्हणजे हे पत्र पोचेल तेव्हा ती तुझ्याकडं आलेली असेल. तुझ्या हाताखाली ती सुधारेल का, म्हणजे बिघडेल का, हे मला माहीत नाही. तिला माणसाची आणि कुत्र्याची भीती शिकव. मी शिकवायचं ते तू शिकव.

पंडित


गावाहून,
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिया,

काल तू माझ्या फोनवर फोन केलास. अडीच वर्षांनी स्क्रीनवर तुझं नाव आलं आणि मी आईला हाक मारत बसलो. उचलला तर तू एवढंच म्हणालीस, "बाबा, ती जाळीपासून हलत न्हाई. खात बी न्हाई. काय करू?" मी फोन आईच्या हातात दिला. म्हणून हे पत्र. पण आधी मी पुण्याला तुमच्या केंद्रात आलो त्या दिवसाचं लिहितो, कारण परतताना बसस्टँडवरही आपण त्यावर बोललो नाही. तू चहा घेतलास, मी घेतला, गाडी आली.

पाच महिने तुम्ही तिला माणसाचं तोंड दिसू दिलं नाही. बंदिस्त माळ, त्यात गवत आणि बोरीचं झुडूप, आतच तिनं स्वतःचं बीळ उकरलेलं. अन्न झडपेतून. ती उंदीर धरायला लागली. माणसं जवळून गेली तर बिळात शिरायची. कुत्रं दोरीला बांधून पलीकडून नेलं तर दिवसभर बाहेर यायची नाही. तुमच्या वरिष्ठांनी मला समजावून सांगितलं की आता एकच परीक्षा उरली आहे आणि ती माझ्यावर आहे. मी हाक मारायची. ती आली नाही तर थंडीत माळरानात सोडायची. आली तर ती कधीही सोडता येणार नाही, कारण जी एका माणसाकडं जाते ती दुसऱ्याकडंही जाते. मग जन्मभर पिंजरा.

मी जाळीपाशी उभा राहिलो. तू मागं वही घेऊन होतीस. ती झुडपाखाली होती, फक्त कान दिसत होते. मी म्हणालो, "ये माय, ये."

ती हलली नाही. सगळे खूश झाले. तुमचे वरिष्ठ हसले सुद्धा.

ती हाक खोटी होती, प्रिया. पातळ, वरच्यावर, गाडीत शेजारच्याला सरकायला सांगावं तशी. गावाहून निघतानाच मी ते ठरवलं होतं. तिला सुटायचं असेल तर माझा आवाज तिला ओळखू येता कामा नये. कुणाला कळणार होतं? अंगणात ती हाक ऐकलेलं तिथं कुणीच नव्हतं. तूही नाही, तू तर तेव्हा घरी येत नव्हतीस. पण लहानपणापासून मी जनावरांना कशी हाक मारतो, हे तुझ्या कानात असणारच.

तू मागून म्हणालीस, "बाबा, घरी मारता तशी मारा."

मी वळून बघितलं नाही. मी पुन्हा खोटी मारू शकलो असतो. आणखी थोडी बरी, तुला पटेल अशी. ती सुटली असती. आणि एखाद्या दिवशी कुठल्या तरी आखाड्यावर कुणीतरी आपल्या पोरीला 'ये माय' म्हणून हाक मारली असती आणि ती तिकडं चालत गेली असती, कान पाडून. नर गेला तसा. हे मला दिसत होतं तरीही मन म्हणत होतं, सुटू दे तिला. असं मन मला ओळखीचं आहे. पारावर तेच माझ्या आत बसलं होतं.

मी खाली बसलो आणि पोटातून हाक मारली.

ती झुडपातून निघाली ती सरळ पळत आली. अंग वाकडं करून, शेपटी हलवत, कुईकुई करत. जाळीला अंग घासलं, आडवी झाली, पोट वर केलं. बोट आत घालू नका असं कुणीतरी म्हणालं. मी घातलं नाही. मागं तुझ्या पेनाचा आवाज आला. तू काय लिहिलंस ते मी विचारलं नाही.

खरं बोललं की भलं होतं, असं मी तुला लहानपणी सांगायचो. त्या दिवशी मी खरं बोललो आणि तिचं आयुष्य गेलं. खोटं बोललो असतो तर कदाचित जीव गेला असता. यात भलं कुठं आहे ते मला सापडत नाही. माझी कोर्टाची तारीख डिसेंबरात आहे, तिथं जे होईल ते होईल. पण तिची शिक्षा मी तिला हाक मारूनच दिली, याला कुठलं कोर्ट नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ती माझी वाट बघते आहे. मी परत आलो तर दोन दिवस खाईल आणि मग पुन्हा तशीच बसेल, म्हणून मी येणार नाही, तूही बोलावू नको. दवाखान्यात आई मेलेलं वासरू असंच खुंट्यापाशी उभं राहायचं. त्याला आम्ही कितीही चुचकारलं तरी उपयोग व्हायचा नाही. त्या जागेला आईचा वास असायचा, तो गेल्याशिवाय ते हलायचं नाही. तू कुदळ घे. जाळीबाहेर मी जिथं बसलो होतो तिथली माती वीतभर खोल खरवडून काढ आणि लांब नेऊन टाक. दुसऱ्या कुणाला सांगू नको, तूच कर.

तुझा,
बाबा